समुद्रकिनारी घर घेताय? आधी आरएल विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या काही रविवारांपासून तुमच्या प्रॉपर्टी पुरवणीत परदेशातल्या समुद्रकिनारच्या घरांच्या पानभर जाहिराती येऊन राहिल्या आहेत. निळंशार पाणी, पांढरी घरं, गच्चीत दोन खुर्च्या आणि खाली लिहिलेलं की शांत गाव, गर्दी नाही, रिटायरमेंट अशी जगा. आता नागपूरच्या माणसाला हे दाखवलं की तो विरघळणारच ना, मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कूलरमध्ये पाणी भरता भरता जीव मेटाकुटीला येतो, आणि समुद्र पाहायचा तर कुठल्याही दिशेने निघा, एक रात्र गाडीतच जाते. आपला समुद्र म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी. त्यामुळे ज्यांना असं घर घ्यावंसं वाटतं त्यांना मी नावं ठेवत नाही, पैसा त्यांचा, हौस त्यांची. माझी तक्रार जाहिरातीत जे लिहिलेलं नसतं त्याबद्दल आहे, आणि तीच जाहिरात कधीकधी 'विशेष लेख' म्हणून छापून येते त्याबद्दल तर जरा जास्तच आहे.

मी धरमपेठेत एका सीएच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करते. आमच्याकडे कळमना मार्केटचे एक जुने क्लायंट आहेत, धान्याचा व्यापार, मुलं सेटल झालेली, मनाने दिलदार माणूस. त्यांचं नाव लिहीत नाही, शेटजी म्हणते. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात अशा घरांचं प्रदर्शन लागलं होतं तिथून ते जाडजूड ब्रोशर घेऊन आमच्या ऑफिसात आले आणि म्हणाले, ताई, पैसे पाठवायचं कसं ते तेवढं सांगा, बाकी सगळं ठरलं आहे. मी ब्रोशर चाळलं. किचनचा ओटा इटालियन मार्बलचा आहे हे दोन ठिकाणी लिहिलं होतं, बीच चालत किती मिनिटं तेही लिहिलं होतं, पण जमीन कोणाच्या नावावर राहील हे शेवटच्या पानावर इतक्या बारीक अक्षरात होतं की शेटजींचा चष्मा काय, माझाही पुरला नाही, मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं.

गंमत पाहा, हेच शेटजी बेस्याला किंवा हुडकेश्वरला प्लॉट घ्यायला गेले की पहिला प्रश्न काय विचारतील? आरएल आहे का. नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, रेग्युलरायझेशन लेटर. मंजुरी नसलेल्या ५७२ आणि १९०० लेआउटच्या भानगडीत निम्म्या नागपूरने हात पोळून घेतलेत, त्यामुळे आपल्याकडे रिक्षावालासुद्धा विचारतो की एनए आहे का, लेआउट मंजूर आहे का, सातबाऱ्यावर कोण आहे, मागून नाला जातो का, डीपी रोडमध्ये तर जात नाही ना. पंधराशे स्क्वेअर फुटाच्या प्लॉटला इतके प्रश्न आणि दीड-दोन कोटीच्या व्हिलाला एकही नाही? समुद्र दिसला की आपला चोखंदळपणा कुठे जातो काय माहीत.

तर मी शेटजींसोबत त्या प्रदर्शनाला गेले. स्टॉलवर टाय लावलेला गोड पोरगा होता. थायलंडचा व्हिला दाखवत होता.

"काकाजी, टेन्शन नका घेऊ, पेपरवर्क सगळं आमच्याकडे."
मी विचारलं, जमीन कोणाच्या नावावर?
"मॅडम, व्हिला तुमचाच."
व्हिला ठीक आहे हो, खालची जमीन?
"ती लीजवर आहे मॅडम, पण तिकडे फॉरेनरचं सगळ्यांचं तसंच असते."

आणि पोरगा खोटं बोलत नव्हता. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, अपार्टमेंट घेता येतं पण एका इमारतीतल्या एकूण फ्लॅट एरियाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांची मालकी चालते, आणि जमीन लीजवर घेतली तर एका वेळी जास्तीत जास्त ३० वर्षं. ब्रोशरमध्ये ३० अधिक ३० अधिक ३० असं ठळक लिहिलेलं असतं, त्यातले पहिले ३० कायद्याचे, पुढचे ६० जमीनमालकाच्या शब्दावर. शेटजींचं वय लक्षात घेता त्यांना ३० पुरेत, पण मग मुलांसाठी इस्टेट करतोय हे वाक्य त्यांनी सोडून द्यायला पाहिजे. बालीचंही असंच, तिथे इंडोनेशियाच्या नागरिकाशिवाय कोणाला पूर्ण मालकी मिळत नाही, मग काही दलाल सुचवतात की एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, आपण त्याच्याकडून कागद लिहून घेऊ. म्हणजे बेनामी. आपल्याकडे याच कामाला लोक जेलात जातात. श्रीलंका आपल्याला जवळ, जेवणही जमतं, पण तिथेही २०१४ च्या कायद्याने परदेशी माणसाला जमीन विकायला बंदी आहे, अपार्टमेंट घ्यायचं तर चौथ्या मजल्यापासून वरचं. म्हणजे अंगणात उतरलो की वाळू, ते स्वप्न तिथेच संपलं. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाचं घर बँकेच्या ट्रस्टमध्ये ठेवावं लागतं, कागदावर मालक बँक आणि आपण लाभार्थी. हे सगळं वाईटच आहे असं मी म्हणत नाही, तिथे हजारो परदेशी लोक असेच राहतात. पण हे मोठ्या अक्षरात लिहा ना.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि ती बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. घर घेतलं म्हणजे तिथे राहता येतं असं आपण धरून चालतो, कारण आपल्या देशात कुठेही घर घेतलं की कुलूप उघडून आत जायला कोणाला विचारावं लागत नाही. तिकडे घर तुमचं असलं तरी किती दिवस राहायचं ते व्हिसा ठरवतो. स्पेनमध्ये, पोर्तुगालमध्ये, ग्रीसमध्ये साध्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, बस. घराचा कर भरल्याची पावती दाखवली म्हणून एक्याण्णववा दिवस मिळत नाही. तो पोरगा शेटजींना म्हणाला होता की स्पेनमध्ये पाच लाख युरोचं घर घेतलं की राहायचं परमिट मिळते. मिळत होतं, २०१३ पासून. ३ एप्रिल २०२५ ला ती स्कीमच बंद झाली. पोर्तुगालने २०१२ मध्ये असाच गोल्डन व्हिसा, म्हणजे पैसे गुंतवा आणि राहायचं परमिट घ्या, आणला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातून घर खरेदीचा रस्ता काढून टाकला. ग्रीसमध्ये २०२४ मध्ये रक्कम वाढवली, अथेन्स, सांतोरिनी, मिकोनोस आणि मोठ्या बेटांवर आठ लाख युरो, इतर बहुतेक ठिकाणी चार लाख, तेही किमान १२० चौरस मीटरचं एकच घर. स्टॉलवर मात्र लोकांच्या हातात जुनंच ब्रोशर देत होते, कारण छापून ठेवलेलं संपवायचं असेल.

आता पैशाचं, जे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा लांबेल, सहन करा.

भारतात राहणारा माणूस रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो, वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च. परदेशात घर घ्यायला हे पैसे चालतात. नवरा-बायको दोघांचं मिळून पाच लाख होतात, एकत्र घर घेता येतं, आणि काही लोक थोडे मार्चमध्ये थोडे एप्रिलमध्ये पाठवून दोन वर्षांचा कोटा वापरतात. इथवर ठीक. पण दहा लाख रुपयांच्या वर जेवढे पाठवाल त्याच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते. एक कोटी पाठवायचे म्हटलं तर नव्वद लाखांवर अठरा लाख, म्हणजे खात्यात एक कोटी अठरा लाख पाहिजेत. हे अठरा लाख बुडत नाहीत, रिटर्नमध्ये टॅक्समधून वळते होतात किंवा परत मिळतात, पण परत मिळेपर्यंत ते सरकारकडे असतात, आणि शेटजींना वाटत होतं की ही बँकेची फी आहे म्हणून दुसऱ्या बँकेत जाऊन घासाघीस करू. दुसरं म्हणजे इथल्या बँकेकडून कर्ज काढून या योजनेत घरासाठी पैसे पाठवता येत नाहीत, बँकांना रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. प्रदर्शनात 'ईझी फायनान्स' असा बोर्ड होता. कोण देतंय फायनान्स, कुठल्या देशातलं, हप्ता कशातून जाणार, हे विचारल्यावर पोरगा म्हणाला सरांना विचारून सांगतो. सर अजून आलेले नाहीत.

घर घेतल्यावर दरवर्षी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, भरायचं. आपला साधा आयटीआर-१ चालत नाही. हे शेड्यूल आर्थिक वर्षाचं नसून जानेवारी ते डिसेंबरचं असतं, इथेच पुष्कळ लोक गोंधळतात. भरलं नाही तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो, पैसा शंभर टक्के व्हाइटचा असला तरी. मध्ये छोट्या रकमांना सूट दिली आहे, वीस लाखांपर्यंत, पण घर-जमिनीला ती सूट नाही. आणि ज्यांची नागपुरात दोन घरं आहेत (आमच्या क्लायंटमध्ये अर्ध्यांची आहेत, एक धरमपेठेत वडिलांचं आणि एक मनीषनगरला स्वतःचं) त्यांचं समुद्रावरचं घर झालं तिसरं. दोन घरांपर्यंत स्वतःच्या वापरासाठी म्हणून सूट, तिसरं घर बंद असलं तरी भाड्याने दिलंय असं धरून टॅक्स लावतात, मग ते स्पेनमध्ये असो की सावनेरला. तिकडे स्पेनचा कायदाही तसाच, परदेशी मालकाने घर नुसतं बंद ठेवलं तरी सरकारी मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के एवढं उत्पन्न धरतात आणि युरोपबाहेरच्या माणसाकडून त्यावर २४ टक्के घेतात. शेटजी म्हणाले, काहून बाप्पा, मी राहत नाही तरी? हो शेटजी, राहत नाही म्हणूनच.

मॉरिशसचं एक पान ब्रोशरमध्ये होतं आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं. तिथे आपली मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेली, अजून गणपती बसवतात, २०२३ मध्ये मोकाच्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा बसला त्याचं अनावरण आपल्याच फडणवीसांनी केलं. तिथली स्कीम बरीच सरळ आहे, सरकारमान्य प्रकल्पात ३,७५,००० डॉलर किंवा वरचं घर घेतलं तर राहायचं परमिट मिळतं, घर आहे तोवर. पण हिशोब करा, एका माणसाचा वर्षाचा कोटा अडीच लाखांचा. आणि अगदी समुद्राला लागून साधारण ८१ मीटरची पट्टी तिथे सरकारी मालकीची आहे, फ्रेंचांच्या काळापासून तिला पा जेओमेत्रिक म्हणतात, ती विकत नाहीत, लीजवर देतात. तेव्हा अगदी पाण्याला टेकून बंगला दाखवला तर त्याच्या खाली लीज आहे का हे विचारायचं, परत आलो ना जमिनीवर.

स्पेनची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. १९८८ मध्ये त्यांनी किनाऱ्याचा कायदा केला, किनारा आणि भरतीचं पाणी जिथवर पोहोचतं ती जमीन सगळी जनतेची. जी जुनी घरं त्या रेषेच्या आत सापडली त्यांचे मालक एका फटक्यात मालक राहिले नाहीत, त्यांना वापरायची परवानगी मिळाली, ठरावीक वर्षांची, पुढे २०१३ मध्ये ती ७५ वर्षांपर्यंत वाढवली. आणि समुद्र काही एका जागी बसत नाही, रेषा आत सरकू शकते. वेल्समध्ये फेअरबोर्न नावाचं समुद्राकाठचं छोटं गाव आहे, प्रशासनाने सांगून टाकलं की साधारण २०५४ नंतर या गावाचा समुद्रापासून बचाव करत बसणं परवडणार नाही. त्या बातमीनंतर तिथल्या घरांवर कर्ज मिळणं मुश्कील झालं, भाव पडले. तुमच्या पुरवणीत 'शांत आणि स्वस्त' म्हणून अशा एखाद्या गावाचा फोटो उद्या आला तर आश्चर्य वाटायला नको.

शांत शब्दावरूनच सांगते. काकू, म्हणजे शेटजींची बायको, सगळ्यात शहाणी निघाली. ती म्हणाली, गाव शांत आहे म्हणजे तिथे कोणी राहत नाही का, दवाखाना किती लांब आहे, थंडीत दुकान उघडं असते का? पोरगा म्हणाला, काकूजी, सीझनमध्ये सगळं ओपन असते. सीझन दोन-तीन महिन्यांचा. बाकीच्या वेळी बाहेरच्यांनी घेतलेली घरं कुलूपबंद, मुलं नाहीत म्हणून शाळा बंद, गिऱ्हाईक नाही म्हणून किराणा बंद, आणि घरांचे भाव असे की तिथल्या कोळ्याच्या, शिक्षकाच्या पोराला स्वतःच्या गावात खोली परवडत नाही. इंग्लंडमधल्या सेंट आइव्स या गावाने २०१६ मध्ये मतदान घेतलं आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की नवीन घर बांधाल तर ते कायम राहणाऱ्यालाच विका. वेल्समध्ये दुसऱ्या घरावर नगरपालिकेचा कर नेहमीपेक्षा ३०० टक्के जास्तीचा लावायची मुभा दिली आहे. कॅनडाने २०२३ पासून परदेशी खरेदीदारांवर बंदी आणली, ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी जुनी घरं घ्यायला बंदी केली. स्पेनच्या कॅनरी बेटांवर २०२४ मध्ये बेसुमार पर्यटन आणि महागलेल्या घरांविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले होते.

आपण यावर नाक मुरडायचं कारण नाही. परदेशी माणूस इथे राहत नसेल तर त्याला भारतातही घर-जमीन घेता येत नाही, आपला परकीय चलनाचा फेमा कायदाच तसा आहे. आपल्याच महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन मिळत नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या म्हणून आपण पेपरात पत्रं लिहितो, त्याच पेपरच्या पुरवणीत दुसऱ्याच्या सिंधुदुर्गात घर घ्यायचं आमंत्रण असतं. तुम्ही संपादक आहात, तुम्हाला हे दिसत असेलच. घेऊच नका असं मी कोणाला म्हणत नाही, पण जिथे आपण शेजारी म्हणून जाणार त्या गावाला आपण नको असू तर तेही आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर गच्चीतल्या दोन खुर्च्यांवर दोघंच बसून राहाल.

आणि हो, वारसा. तिकडच्या घराचं काय होणार हे नेहमी आपल्या मृत्युपत्राने ठरत नाही, काही देशांत मुलांचा वाटा कायद्यानेच राखीव असतो. इथून कोणाला मुखत्यारपत्र द्यायचं तर नोटरी करून बऱ्याच देशांसाठी अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, करून घ्यावं लागतं. हे फार खोलात जाऊन लिहीत नाही, वकिलाला विचारा, आणि बिल्डरने दिलेल्या वकिलाला नका विचारू.

संपादक साहेब, विनंती एवढीच की अशा जाहिराती छापायच्याच असतील तर जाहिरातदाराकडून चार गोष्टी घेऊन त्या घराच्या फोटोइतक्याच मोठ्या अक्षरात छापा: जमीन कोणाच्या मालकीची राहणार आणि किती वर्षं, त्या घराच्या जोरावर तिथे वर्षातून किती दिवस राहता येतं, दरवर्षी तिकडचा कर आणि मेंटेनन्स किती, आणि पुढे विकायचं झालं तर कोणाला विकता येतं. फ्लॅटच्या जाहिरातीत महारेराचा नंबर टाकायला आपण बिल्डरांना लावलंच ना, आता सगळे टाकतात, कोणाचं काही बिघडलं नाही. आणि पैसे घेऊन छापलेला मजकूर असेल तर वर स्पष्ट 'जाहिरात' लिहा, 'विशेष लेख' नको.

शेटजींचं म्हणाल तर त्यांनी बुकिंग थांबवलं आहे, हौस काही गेलेली नाही. सध्या ठरलं आहे ते असं की हिवाळ्यात महिनाभर तिकडे भाड्याने घर घेऊन राहून पाहायचं, काकूंच्या अटीवर की दवाखाना आणि किराणा दुकान पहिल्याच दिवशी बघायचं. वरच्या चार प्रश्नांची चिठ्ठी आम्ही त्या कंपनीला ईमेल केली आहे. उत्तरात नवीन ब्रोशर आलं, किचनच्या ओट्याचा फोटो आता पूर्ण पानभर आहे.

आपली,
एक वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर